अडीच लाखांचं फुकट छप्पर

सरकारने पैसे घेऊन दारात उभं राहावं आणि गावाने म्हणावं, राहू द्या, आमचं आम्ही बघू, असा प्रकार मुल्लाबिंडीत एकदा घडला. त्याला कारण एकच, मर्टल डग्गन.

मंदी आली होती. कुठल्याशा दूरदेशीच्या बँका बुडाल्या होत्या आणि त्याची झळ ऑस्ट्रेलियाच्या गव्हाच्या पट्ट्यापर्यंत येऊन पोचली होती. मुल्लाबिंडीकरांनी बातम्या ऐकल्या, ‘आपल्याकडे तेजी कधी होती?’ असं एकमेकांना विचारलं आणि टीव्हीवर फुटबॉल लावला. राजधानीतल्या लोकांची मात्र झोप उडाली. लोकांनी खिसे शिवून टाकले की दुकानं ओस पडतात, दुकानदार नोकर काढतो, आणि नोकर घरी बसून आपला खिसा आणखी घट्ट शिवतो. हे चक्र उलटं फिरवायला सरकारने कर्ज काढलं आणि पैसे वाटायला घेतले. पहिल्यांदा लोकांच्या खात्यात नऊशे नऊशे डॉलर टाकले आणि सांगितलं, उडवा.

पबवाल्या नेव गॉरिंजने भिंतीएवढा टीव्ही घेतला. मर्टलने बँकेत जाऊन विचारलं, हे परत कुठे करायचे? काउंटरवरची मुलगी म्हणाली, असं आजवर कुणी विचारलं नाही. मग मर्टलने ते पैसे मुदत ठेवीत टाकले आणि सरकारची कशी जिरवली म्हणून आठवडाभर खुशीत होती.

मर्टल सत्तरीला टेकलेली, अंगाने काटकुळी, आणि शाळेच्या पालक समितीची खजिनदार. तिचा स्वतःचा मुलगा त्या शाळेतून बाहेर पडून पंचवीस-तीस वर्षं झाली, पण खजिनदारकी तिच्याचकडे राहिली, कारण तिच्याकडून ती काढून घ्यायची कुणाची छाती नव्हती. समितीचे पैसे ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची आणि त्यात गेलेला पैसा पुन्हा उजेड बघायचा नाही. शाळेत जे काही उभं होतं, झोपाळे, टेनिसची जाळी, पाण्याची टाकी, ते सगळं तिने दमडी न मोजता उभं करून घेतलं होतं. पद्धत एकच. श्रमदान. शनिवारी सकाळी ज्याच्याकडे जे हत्यार असेल ते घेऊन त्याने यायचं, दुपारी सॉसेज आणि कांदा पावात घालून खायचा, चहाबरोबर खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक, आणि अंधार पडायच्या आत काम उरकून बिअरचे डबे फोडायचे. मुल्लाबिंडीत माणूस एखाद्या लग्नाला नाही गेला तर चालायचं. श्रमदानाला नाही गेला तर पुढे वर्षभर त्याला पबमध्ये एकट्याने प्यावी लागायची.

आणि प्रत्येक श्रमदानात कामाचा खरा भार उचलायचा तो रॉस, मर्टलचा एकुलता एक मुलगा. आसपासच्या चार गावांत बांधकाम जाणणारा तो एकच. नेवच्या पबचा व्हरांडा त्याचा, चर्चचं गळकं छत त्याने बदललेलं, अग्निशमनाच्या बंबाची शेडही त्याचीच. यातल्या एकाही कामाचे त्याने कधी पैसे घेतले नव्हते. ती मित्रांची कामं. पैशाची कामं वेगळी असायची, बाहेरच्या गावांची, अनोळखी माणसांची, आणि ती मंदी लागल्यापासून साफ बंद पडली होती. बँका घरासाठी कर्ज देईनात, मग घर बांधणार कोण? मार्चपासून रॉस घरी बसून होता.

मर्टलचा जीव तिथेच अडकला होता. पश्चिमेकडच्या लोखंडाच्या खाणीवरून रॉसला बोलावणं आलं होतं. पगार उत्तम, राहायला घर, बायकापोरांसकट या म्हणे. पण ते ठिकाण देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, गाडीने चार दिवस. जुलै संपायच्या आत हो की नाही कळवायचं होतं. मर्टलचा नवरा लेस जाऊन बरीच वर्षं झाली होती. रविवारच्या जेवणाला रॉस, त्याची बायको लियान आणि तीन नातवंडं येत, एवढ्यावर तिचा आठवडा चालायचा. ती खाणीबद्दल एक अक्षर बोलत नसे, पण रॉसला काम बघ म्हणून तिने शेजारच्या गावच्या नगरपालिकेत, धान्याच्या कोठारावर, अगदी मयताची व्यवस्था करणाऱ्या माणसाकडेसुद्धा शब्द टाकून ठेवला होता.

अशात सरकारने दुसरी टूम काढली. देशातल्या प्रत्येक शाळेला नवी इमारत!

सभा शाळेच्या एकुलत्या एका वर्गात भरली. मोठी माणसं पोरांच्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसली होती. शाळेच्या एकुलत्या एक शिक्षिका मिस पॅपस, सिडनीहून आलेल्या, त्यांनी योजनेचं रंगीत पुस्तक उघडलं.

“आपल्याला अडीच लाख डॉलर मिळणार आहेत.”

“किती?” समितीचा अध्यक्ष बॅरी क्विल्टी खुर्चीतून उठू बघत होता, खुर्ची त्याच्याबरोबरच उठली. बॅरी मेंढपाळ, कंबरेला ऐसपैस. “मुलं किती आहेत आपली?”

“अकरा.”

“अकरा पोरांना अडीच लाख! त्यापेक्षा एकेकाला एकेक गाडी घेऊन द्या.”

“संडास बांधता येतील का?” मागून कुणीतरी विचारलं. शाळेच्या संडासांची कीर्ती दूरवर पसरलेली होती, वारा पूर्वेचा असला की पबपर्यंत.

“नाही. हॉल, ग्रंथालय किंवा छप्पर घातलेलं अंगण. यातलंच एक निवडायचं.” मिस पॅपसनी पान उलटलं. “संडासांचा पैसा वेगळ्या खात्यातून येतो.”

“मग त्या खात्याला विचारा.”

“विचारलं. त्या खात्यात पैसा नाही.”

बराच वेळ हसणं चाललं. शेवटी छप्पर ठरलं, कारण उन्हाळ्यात अंगणात पोरांचे पाय भाजतात. आता ते बांधायचं कुणी? सरकारने नेमलेली मोठी कंपनी होती, नाहीतर समितीला आपलं आपण बांधायची मुभा होती. मर्टल उभी राहिली.

“कंपनी कशाला? लोखंडी सांगाडा तयार मिळतो, पत्रे मिळतात, सिमेंट मिळतं. सामानाचे साठ हजार. हात आपले आहेत. उरलेले एक लाख नव्वद हजार सरकारला परत.”

“परत?” नेवचा आवाज चिरकला.

“परत. हा पैसा झाडाला लागलेला नाही, नेव. कर्ज आहे ते. आज आपण मजा मारायची आणि उद्या ही पोरं ते फेडत बसणार. सगळा देश दिवाळखोर व्हायला निघालाय म्हणून मुल्लाबिंडीनेही व्हायचं का? माझ्या तीन नातवंडांच्या डोक्यावर मी एक सेंटचं ओझं ठेवणार नाही.”

टाळ्या पडल्या. मुल्लाबिंडीकरांना स्वतःच्या काटकसरीइतकं दुसरं काही आवडत नसे. मर्टलने समाधानाने सभेवर नजर फिरवली. दाराशी टेकून रॉस उभा होता. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलेलं तिला दिसलं.

“काय रे रॉस?”

“काही नाही.”

“कामावर देखरेख तू करशील ना?”

रॉसने आपल्या बुटांकडे बघितलं. “करेन की.”

शेजारी उभ्या असलेल्या लियानने मान वळवून नवऱ्याकडे असं पाहिलं की मर्टलला वाटलं, घरून भांडून आलेली दिसतात.

आता कुणीही म्हणेल, बाई मुलाच्या कामासाठी गाव धुंडाळते आणि समोर आलेलं काम स्वतःच्या हाताने फुकटात वाटते, तिला दिसत कसं नाही? पण खरंच दिसत नव्हतं. ते श्रमदान होतं. श्रमदानाला मुल्लाबिंडीत कुणी काम म्हणत नसे.

पहिल्या शनिवारी, तिकडच्या जुलैतल्या ऐन हिवाळ्यात, गवतावर पांढरं दव गोठलेलं असतानाच गाव जमला. फावडी, घमेली, दोन ट्रॅक्टर, आणि एकमेकांना शिकवायची हौस. बॅरीने आखलेली रेघ चर्चकडे झुकलेली होती, म्हणून रॉसने ती पुसून दोरी ताणून पुन्हा आखली. नेव सळया बांधायच्या सोडून गाठींबद्दल भाषण करत होता, त्याच्या गाठी रॉसने मागून एकेक सोडून पुन्हा बांधल्या. काँक्रीटची गाडी आली तेव्हा सगळे एकदम ओरडायला लागले, आणि रॉस गुडघ्यावर बसून न बोलता फळी ओढत राहिला. “रॉस, इथे बघ.” “रॉस, हे किती खोल?” “रॉस, अरे हा पाना कुठल्या नटाचा?” दिवसभर हेच. संध्याकाळपर्यंत आरशासारखी गुळगुळीत जमीन तयार झाली, आणि सगळ्यांनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या.

लियान शेगडीपाशी कांदे परतत होती. ती दिवसभरात कुणाशी एक शब्द बोलली नव्हती.

“अगं, कांदा जळतोय,” मर्टल म्हणाली.

“जळू दे.”

मर्टलने सुनेच्या हातातलं उलथनं घेतलं आणि जळका कांदा वेगळा काढून डब्यात भरला. घरी सूप करता आलं असतं.

त्यानंतरच्या बुधवारी सरकारी माणूस आला. लॉकलन नावाचा, वय सव्वीस-सत्तावीस, कोरे करकरीत बूट आणि डोक्यावर पांढरं हेल्मेट. वर आभाळ आणि त्यातून किंचाळत जाणारे गुलाबी पोपट यांशिवाय डोक्यात पडण्यासारखं काही नव्हतं. मर्टलने त्याला चहा दिला. दोघांत मिळून एकच चहाची पुडी वापरली.

“काम सुरेख झालंय, मिसेस डग्गन.”

“मर्टल म्हण. आणि खर्च ऐकलास तर उडशील. अजून चाळीस हजारसुद्धा झालेला नाही.”

लॉकलन उडाला, पण तिला हवा होता तसा नाही. “चाळीस? पण सप्टेंबरपर्यंत निम्मे तरी संपायला हवेत.”

“संपायला? अरे, उरलेत! परत घ्या.”

“परत घ्यायची सोय आहे, पण म्हणजे... तो उद्देशच नाही.” त्याने कपाळ पुसलं. “बरं, ते जाऊ द्या. इथे किती जणांना काम मिळालं?”

“काम तर सगळ्या गावाने केलं.”

“पगारावर किती?”

“एकही नाही!” मर्टलची मान ताठ झाली. “एकाही माणसाने एक सेंट घेतला नाही. लिही.”

“शून्य?”

“शून्य. आणि बाकीच्या देशाला वाचून दाखवा म्हणावं.”

लॉकलनने फॉर्मवर लहानसं शून्य काढलं. बिचाऱ्याला वरच्या साहेबांना तोंड दाखवायचं होतं. “हे बांधकाम बघतंय कोण? जमीन एवढी सपाट घालणारा माणूस साधा नाही.”

“माझा मुलगा. बिल्डर आहे तो.”

“आणि तो फुकट करतोय?”

“तो माझा मुलगा आहे!”

“त्याची स्वतःची कामं सांभाळून एवढा वेळ मिळतो त्याला?”

“स्वतःची कामं कुठली आलीत? मार्चपासून घरीच आहे. म्हणून तर रोज येता येतं त्याला,” मर्टल म्हणाली.

लॉकलनने पेन खाली ठेवलं. काही बोलेल असं वाटलं, पण तो सरकारी नोकर होता आणि समोर चहा देणारी म्हातारी होती. त्याने हेल्मेट काखेत घेतलं, आभार मानले आणि गाडीत बसून निघून गेला.

मर्टल कप विसळायला उठली. एक कप विसळून झाला, दुसरा हातात तसाच राहिला. आपण आत्ता काय बोललो ते तिने मनात पुन्हा बोलून बघितलं, आणि तिला ते काही केल्या आवडेना. मग तिने स्वतःला बजावलं की सरकारी माणसांचं काय मनावर घ्यायचं, त्यांना दुसऱ्याच्या पैशाची किंमत नसते. पण रात्रीच्या जेवणात तिने मीठ दोनदा घातलं.

दुसऱ्या शनिवारी सांगाडा उभा करायचा होता. जुलैचा शेवटचा आठवडा. खांब आडवे पडलेले, बोल्टांच्या बादल्या भरलेल्या, आणि माणसं आधीपेक्षाही जास्त, कारण उंचावर चढायचं काम म्हटलं की ज्यांना चढायचं नसतं तेही बघायला येतात. रॉस शिडीवर होता. मर्टल शेगडीपाशी पाव कापत होती. लियान कांदे घेऊन आली, पण तिने ते शेगडीवर टाकले नाहीत. पिशवी टेबलावर आपटली.

“मर्टल, या डिसेंबरच्या समितीच्या लॅमिंग्टन विक्रीत मला धरू नकोस.”

“का गं?”

“आम्ही नसू. रॉसने काल खाणीवर सांगितलं, येतो म्हणून. सोमवारी सही करून कागद पाठवायचाय.”

मर्टलच्या हातातली सुरी थांबली. “काल? मला बोलला नाही तो.”

“तुला कसा बोलेल? तूच शिकवलंयस ना त्याला, हात पसरायचा नाही म्हणून? मला शपथ घातली होती, आईला काही बोलायचं नाही. आता काय, संपलंच सगळं, म्हणून बोलते.” लियानचा आवाज चढला. शिडीखालची माणसं वळून बघायला लागली. “चार महिने माझा नवरा कामाची वाट बघत बसला. एक काम आलं गावात. एकच! अडीच लाखांचं! आणि ते तू त्याच्याचकडून फुकट करून घेतेयस, सॉसेजच्या तुकड्यावर! वर सरकारला पैसे परत करतेस आणि सांगतेस, नातवंडांसाठी करते म्हणून. कुठली नातवंडं, मर्टल? ती तर चालली!”

“लियान, पुरे,” शिडीवरून रॉस म्हणाला.

“पुरे काय? आणि हे सगळे!” तिने शेगडीवरचं उलथनं उचलून सगळ्या गावावरून फिरवलं. “रॉस हे कर, रॉस ते बघ. आमची तीन पोरं गेली की शाळेत उरतील आठ. आठ पोरांसाठी सरकार शाळा चालवत नाही. विचारा मिस पॅपसना!”

मिस पॅपसनी मान खाली घातली. तेवढं उत्तर पुरेसं होतं. बॅरी हातातला खांब घट्ट धरून उभा होता आणि आपण कुठल्या शाळेला छप्पर घालतोय याचा विचार बहुधा आयुष्यात पहिल्यांदा करत होता.

मर्टलला आधी भीती वाटली. लाज नंतर वाटली. भीती वाटली. रविवारचं टेबल तिच्या डोळ्यांसमोर आलं आणि त्याच्याभोवती एकच खुर्ची. आपल्या मुलाला कामाची गरज आहे हे तिला ठाऊक होतं आणि काम तिच्या डब्यात होतं, आणि तिने त्यावर झाकण घट्ट लावून टाकलं होतं. स्वतःच्या अकलेची तिला एवढी चीड आली की सुरी तिने पावात खुपसली.

“हातातली कामं खाली ठेवा!” ती ओरडली. “सगळ्यांनी! बॅरी, तो खांब ठेव. श्रमदान बंद.”

“बंद? अगं, निम्मा सांगाडा—”

“निम्मा तर निम्मा. इथून पुढे फुकटात कुणी बोल्टसुद्धा पिळायचा नाही. हे काम रॉस करेल आणि त्याचे पैसे घेईल. पूर्ण.”

मर्टल डग्गनच्या तोंडून ‘पूर्ण पैसे’ हे शब्द ऐकायची कुणालाच सवय नव्हती. नेवने बिअर वेळेआधीच फोडली.

बॅरीने घसा साफ केला. “मर्टल, वाईट वाटून घेऊ नकोस. पण खजिनदार तू, आणि मुलगा तुझा. लोक काय म्हणतील?”

“लोक म्हणतील, म्हातारीने सरकारचा पैसा पोराच्या घशात घातला. त्याआधी मीच म्हणते. घालतेय.” तिने टेबलाखालून बिस्किटांचा डबा काढला, दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि मग मिस पॅपसच्या पुढ्यात ठेवला. ठेवल्यावरही बोटं जरा वेळ झाकणावरच राहिली. “आजपासून खजिनदार ही. शहरातली आहे. खर्च करायची सवय आहे तिला.”

“पण मला बांधकामाचे दर माहीत नाहीत,” मिस पॅपस घाबरून म्हणाल्या.

“मी आहे ना शेजारी.”

रॉस शिडीवरून उतरला. त्याचा चेहरा लाल झाला होता. “आई, घरी चल. तमाशा पुरे झाला. मी माझ्या मित्रांच्या कामाचे पैसे घेणार नाही. कधी घेतले नाहीत.”

“हे मित्रांचं काम नाही. सरकारचं आहे.”

“छप्पर तर मित्रांचंच आहे ना? उद्या पबमध्ये कुठल्या तोंडाने बसू?”

“पबमध्ये बसायला आधी इथे राहायला पाहिजेस!” मर्टलचा आवाज फुटला. गावासमोर तिचा आवाज फुटलेला कुणी लेसच्या मयतालाही ऐकला नव्हता. “तू गेलास तर मी काय करू, रॉस? सांग. रिकाम्या झोपाळ्यांना झोके देत बसू? मला तू इथे पाहिजेस. ती पोरं इथे पाहिजेत, माझ्या टेबलावर भांडताना. मला कुणाकडे काही मागता येत नाही, तुला माहितीय. पण मागते. राहा.”

रॉसने आभाळाकडे बघितलं. नेवने बिअरच्या डब्याकडे. बॅरीने नाक शिंकरलं.

“आणि ते कर्ज?” रॉस शेवटी म्हणाला. “नातवंडांच्या डोक्यावरचं?”

“नातवंडं इथे राहिली तर फेडतील. मी वसूल करून घेईन त्यांच्याकडून. बोल, तासाचे किती घेणार?”

रॉस बुटांकडे बघत पुटपुटला, “पंचवीस.”

“पंचवीस?” मर्टलने कमरेवर हात ठेवले. “पंचवीसमध्ये आजकाल कुत्रं अंग हलवत नाही. सत्तर.”

“सत्तर सिडनीत देतात, आई. तीस.”

“पासष्ट.”

“पस्तीस. लाज वाटते मला.”

“वाटू दे. पासष्टच्या खाली मी एक सेंट उतरणार नाही. ही बया देणार आहे,” मर्टलने मिस पॅपसकडे बोट केलं. मिस पॅपसनी घाईघाईने मान डोलावली.

“माझा नेहमीचा दर पन्नास आहे.”

“नेहमीचा दर नेहमीच्या दिवसांत. आता मंदी आहे.”

“मंदीत दर उतरतात!”

“म्हणूनच तर मंदी आहे! साठ.”

“पन्नास, आई. पन्नासच्या वर घेतले तर मी झोपणार नाही रात्री. आणि हाताखाली दोन माणसं, त्यांनाही रोजच्या रोज पगार.”

मर्टलने ओठ चावले. हरायची तिला सवय नव्हती, आणि या दिशेने तर अजिबातच नव्हती. “पंचावन्न आणि तीन माणसं.”

“पंचावन्न आणि दोन.”

“झालं.”

“हाताखालच्याला किती देताय?” बॅरीने हळूच विचारलं, आणि एवढा वेळ श्वास रोखून बसलेला गाव एकदम हसला. लियान हसली नाही. ती शेगडीला पाठ करून डोळे पुसत होती. कांदा अजून चिरलेला नव्हता.

मोबाईलला रेंज मिळायची गावात एकच जागा होती, टाकीमागचा उंचवटा. रॉस तिथे चढून गेला. मर्टल खालून बघत राहिली. त्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण ते लांबलं नाही. दोन मिनिटांत तो उतरून आला.

“काय म्हणाले? रागावले?”

“छे. आनंदाने सोडलं.” रॉसने फोन खिशात टाकला. “म्हणाले, रांगेत माणसं उभी आहेत. पुढच्याला लगेच फोन करतो म्हणाले. तिकडे उत्तरेकडचा कुणी बिल्डर आहे. त्याचीही पोरं लहान आहेत.”

त्या न बघितलेल्या माणसाची आईही कुठेतरी आज शनिवारी पाव कापत असेल, आणि थोड्या वेळात तिच्या घरातला फोन वाजेल. एक लाख नव्वद हजार परत करून आपण कुणाचं काय वाचवणार होतो, ते मर्टलला आता आठवेना.

“त्याच्या गावात शाळा असेल ना रे?” तिने विचारलं.

“असेल की. शाळा काय, सगळीकडे असतात.”

“मग त्याच्या आईला कुणीतरी फोन करा,” मर्टल म्हणाली. “म्हणावं, फुकट काही करून घेऊ नकोस.”